दीडशे रुपयांचा सेन्सर आणि अठ्ठेचाळीस तास : आमची वाटचाल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर २०१५ साली आम्ही पतिपत्नींनी सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांचा व्यवसाय सुरू केला. त्याआधी अकरा वर्षे मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात नोकरीला होतो. तिथल्या प्रत्येक गॅस डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक होता, कॅलिब्रेशनची, म्हणजे ज्ञात वायूशी ताडून आकडे जुळवल्याची, तारीख होती आणि तपासणाऱ्याची सही असलेली नोंदवही होती. एका डिटेक्टरच्या किमतीत कंत्राटी कामगाराचे दोन-तीन महिन्यांचे पगार भागले असते. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक बाजारात एमक्यू-२ या गॅस सेन्सरचे मॉड्यूल, म्हणजे सेन्सर बसवलेला छोटा बोर्ड, दीडशे रुपयांच्या आसपास मिळते हे प्रथम पाहिले, तेव्हा आनंदापेक्षा काळजीच अधिक वाटली. दीडशे रुपयांत नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा शोध घेण्यात आमची बरीच वर्षे गेली आणि आज लोक आम्हाला ज्या कामासाठी ओळखतात, ते काम त्या शोधातूनच उभे राहिले.

आमचे सुरुवातीचे गिऱ्हाईक म्हणजे ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ या भागांतील डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची शेवटच्या वर्षाची मुले. आर्डुइनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावर चालणारा गॅसगळतीचा अलार्म हा त्यांचा दरवर्षीचा आवडता प्रोजेक्ट, आणि त्यासाठी एमक्यू-२ किंवा एमक्यू-६ हे ठरलेले सेन्सर. पहिल्या हंगामात आम्ही माल आणत होतो, मोजून देत होतो आणि बिल फाडत होतो. मॉड्यूलवरचा दिवा लागतो की नाही, एवढीच आमची तपासणी होती.

त्या वर्षी फेब्रुवारीत ऐरोलीचा एक विद्यार्थी ब्रेडबोर्डसकट, म्हणजे सोल्डर न करता जोडलेल्या सर्किटसकट, दुकानात आला आणि म्हणाला, "सर, हा दुसऱ्यांदा बदलून घेतोय. साध्या हवेत आकडा वीसच्या आसपास येतो आणि लायटर धरला तरी फारसा हलत नाही." तिसरा सेन्सर काढून देण्याऐवजी मी मल्टिमीटर घेऊन त्याच्याबरोबर बसलो. मॉड्यूलच्या मागच्या बाजूस लोड रेझिस्टरवर, म्हणजे ज्याच्यावरचा व्होल्टेज बोर्ड मोजतो त्या सेन्सरला जोडलेल्या रेझिस्टरवर, १०२ असा आकडा होता, म्हणजे एक किलोओहम. स्वच्छ हवेत त्या सेन्सरचा स्वतःचा रोध साधारण पन्नास किलोओहम भरत होता. पाच व्होल्टमधून एवढ्या मोठ्या रोधासमोर एक किलोओहम ठेवल्यास त्यावर जेमतेम ०.१ व्होल्ट उरतो, आणि ज्या आर्डुइनो उनोच्या मोजणीची एक पायरी पाच मिलिव्होल्टपेक्षा किंचित कमी असते, त्याला तो वीस असाच दिसणार. सेन्सरच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, मात्र सुमारे वीस किलोओहमचा, पाच ते सत्तेचाळीस किलोओहमच्या दरम्यानचा रेझिस्टर वापरावा असे स्पष्ट छापलेले आहे. आम्ही तो बारीक रेझिस्टर काढून जागेवर १०३, म्हणजे दहा किलोओहमचा, सोल्डर केला. स्वच्छ हवेतला आकडा १७० च्या आसपास गेला आणि लायटरचा गॅस दोन बोटे अंतरावरून सोडताच तो पाचशेच्या वर चढला. आम्ही खराब म्हणून परत घेतलेला त्याचा आधीचा सेन्सरही टोपलीतून काढून तपासला; तोही चांगला निघाला.

त्या संध्याकाळपासून आम्ही डेटाशीट अक्षरशः ओळीओळीने वाचू लागलो. या सेन्सरचे मूळ जपानचे. नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये टिन ऑक्साइडच्या सेन्सरचे पेटंट घेतले आणि पुढे १९६९ मध्ये फिगारो ही कंपनी उभी राहिली. आज आपल्या बाजारात मिळणारी एमक्यू मालिका चीनमध्ये तयार होते, पण तत्त्व तेच आहे. जाळीच्या टोपीखाली टिन ऑक्साइडचा थर असतो आणि एक हीटर तो सतत तापवत ठेवतो. तापलेल्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, म्हणून रोध मोठा असतो. एलपीजी, अल्कोहोल, हायड्रोजन यांसारखा ज्वलनशील वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. याचा अर्थ असा की हा सेन्सर वायूचे नाव ओळखत नाही. ज्वलनशील असे काहीतरी आले, एवढेच तो सांगतो. मॉड्यूलवर छापलेल्या नावावर विसंबून कोड लिहिणाऱ्या मुलांना ही एक गोष्ट समजली, तर त्यांचा अर्धा गोंधळ मिटतो, असा माझा अनुभव आहे.

पुढच्याच वर्षी एका व्यापाऱ्याने बाजारभावापेक्षा बराच कमी दर दिला म्हणून आम्ही शंभर नग एकदम उचलले. डबी उघडली तेव्हा टोप्या चकचकीत होत्या, परंतु भिंगाखाली पाहिले असता कित्येकांच्या पायांवर जुन्या सोल्डरचे अवशेष दिसले. ते वापरलेले सेन्सर होते, पुसून पुन्हा बोर्डावर चढवलेले. एकतीस नगांचे हीटर तुटलेले होते. व्यापाऱ्याने माल परत घेण्यास नकार दिला आणि ते नुकसान आम्हाला सोसावे लागले. त्या अनुभवापासून प्रत्येक नगाची पहिली तपासणी म्हणजे थंड हीटरचा रोध मोजणे. तो ३० ते ३३ ओहमच्या आसपास आला पाहिजे. न आल्यास तो नग पुढे जात नाही.

दुसरी तपासणी वेळखाऊ आहे आणि आमचा खरा खर्च तिथेच होतो. नवा सेन्सर पहिल्या दिवशी जे आकडे दाखवतो ते भरवशाचे नसतात. हीटर चालू ठेवून तो किमान चोवीस तास मुरवावा असे डेटाशीट सांगते, आणि आम्ही अठ्ठेचाळीस तास ठेवतो. त्यासाठी पत्नीने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची एक मांडणी करून घेतली, जिच्यावर अठ्ठेचाळीस मॉड्यूल एका वेळी बसतात. प्रत्येक हीटर सुमारे १५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे सगळे मिळून सात अँपिअरहून थोडे अधिक, म्हणून खाली पाच व्होल्ट, दहा अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा करणारा डबा, आहे. हाच हिशेब मुले विसरतात. तीन-चार सेन्सर एकदम उनोच्या पाच व्होल्टच्या पिनला जोडतात आणि लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवू पाहतात. साध्या यूएसबीची मर्यादा पाचशे मिलिअँपिअर, तेव्हा बोर्ड पुन्हा पुन्हा रिसेट होतो आणि दोष कोडला दिला जातो. ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. सेन्सरचा आउटपुट पाच व्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि त्या बोर्डाची पिन ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाही, म्हणून आम्ही मॉड्यूलबरोबर व्होल्टेज कमी करणारी विभाजक रेझिस्टरची जोडी पाकिटातच घालून देतो.

तिसरी तपासणी पाण्याच्या रिकाम्या जारमध्ये होते. वीस लिटरचा पारदर्शक जार, त्याच्या बुचातून आत नेलेल्या वायरी, हवा ढवळण्यासाठी संगणकाचा छोटा पंखा, केमिस्टकडची वीस मिलिलिटरची सिरिंज आणि लायटर भरण्याचा ब्युटेनचा डबा. वीस लिटर हवेत वीस मिलिलिटर वायू मिसळला की हजार पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, होते, आणि एमक्यू-२ चे कॅलिब्रेशन हजार पीपीएमलाच करावे असे उत्पादकाचे म्हणणे आहे. ब्युटेन हवेत सुमारे १.८ टक्के, म्हणजे अठरा हजार पीपीएम झाल्यावर पेट घेऊ शकतो, त्यामुळे आपण त्या मर्यादेच्या बरेच खाली असतो; तरीही हे काम खिडकी उघडी ठेवून मी स्वतःच करतो, दुसऱ्या कोणावर सोपवत नाही. कारखान्यातील प्रमाणित सिलिंडरची अचूकता या जाराला नाही, पण एकाच लॉटमधील नग एकमेकांशी ताडून पाहण्यास तो पुरेसा आहे. एका लॉटमध्ये सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त रोधाच्या नगांत पाचपटीहून अधिक फरक निघालेला मी पाहिला आहे. नगागणिक स्वच्छ हवेतला रोध आणि हजार पीपीएमचा रोध लिहिलेली चिठ्ठी आम्ही सोबत देऊ लागलो, ती यामुळेच. दीडशेचे मॉड्यूल आमच्याकडे २६० रुपयांना पडते, ते या चिठ्ठीसाठी.

एक चूक मात्र सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने आमच्याकडून बारा तयार संच मागवले होते. पावसाळा तोंडावर होता, म्हणून डबीत पाणी शिरू नये या चांगल्या हेतूने मी सेन्सरच्या टोपीभोवतीची फट सिलिकॉन सीलंटने बुजवली. तीन आठवड्यांनी तिथल्या शिक्षिकांचा फोन आला की नऊ संच गॅसला काहीच प्रतिसाद देत नाहीत. मी ते आणून उघडले. हीटर ठीक, वायरिंग ठीक, दिवा चालू; आणि जारमध्ये हजार पीपीएमला आकडा जागचा हलत नाही. सेन्सर सिलिकॉनच्या वाफेपासून दूर ठेवावा, अन्यथा त्याचा थर कायमचा निकामी होतो, ही सूचना डेटाशीटच्या शेवटच्या पानावर होती आणि ती मी वाचूनही मनावर घेतली नव्हती. अलार्म गप्प आहे म्हणून घरात गॅस नाही असे एखाद्याने समजावे, याहून वाईट बिघाड या उपकरणात संभवत नाही. आम्ही बाराही संच नव्याने बांधून दिले, सीलंटच्या जागी रबरी ग्रोमेट बसवले आणि त्या दिवसापासून आमच्या गाळ्यात सिलिकॉनची नळी किंवा स्प्रे आणण्यास सक्त मनाई आहे.

या प्रसंगानंतर कोणता माल विकायचा नाही हेही आम्ही ठरवले. वाशीचे एक गृहस्थ बाथरूममधल्या गॅस गिझरसाठी विषारी कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा एमक्यू-७ घ्यायला आले होते, कारण कार्बन मोनॉक्साइडच्या बातम्या वाचून त्यांच्या घरी सगळे धास्तावले होते. एमक्यू-७ चा हीटर साठ सेकंद पाच व्होल्टवर आणि नव्वद सेकंद १.४ व्होल्टवर असा आळीपाळीने चालवावा लागतो. बाजारातली स्वस्त मॉड्यूल त्याला सतत पाच व्होल्ट देतात, म्हणजे ज्या कामासाठी तो घेतला ते काम तो धड करतच नाही. मी त्यांना म्हणालो, "साहेब, हा मुलाला शिकण्यासाठी जरूर न्या, पण याच्या भरवशावर बाथरूमचे दार बंद करू नका. आधी गिझर बाहेर हलवा, आणि अलार्म हवाच असेल तर इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचा, प्रमाणित केलेला घ्या." त्यांनी आमच्याकडून काही घेतले नाही, पुढच्या आठवड्यात गिझर बाल्कनीत हलवल्याचे मात्र आवर्जून कळवले. कारखान्यातून अधूनमधून चौकशी येते, तीही आम्ही नाकारतो, कारण ज्वलनशील वायूच्या क्षेत्रात लागणारी उपकरणे मान्यताप्राप्त असावी लागतात आणि आमची तशी नाहीत.

२०२० च्या टाळेबंदीत आयातीचा माल अडकला आणि दुकान काही महिने बंदच राहिले. नंतर वर्ग पुन्हा सुरू होऊ लागले, तेव्हा खोलीतील हवा खेळती आहे का हे पाहण्यासाठी कार्बन डायऑक्साइडच्या मीटरची मागणी आली आणि अनेकांना तो एमक्यू-१३५ या त्याच मालिकेतल्या सेन्सरवर दीडशे रुपयांत हवा होता. आम्ही टेबलावर दोन मीटर शेजारी शेजारी ठेवायचो, एक एमक्यू-१३५ चा आणि एक एमएच-झेड१९ या प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरचा, आणि सॅनिटायझरची बाटली उघडायचो. पहिल्याचा आकडा झपाट्याने चढायचा, दुसरा जागचा हलायचा नाही, कारण तो सुमारे ४.२६ मायक्रॉनच्या अवरक्त किरणांचे शोषण मोजतो आणि अल्कोहोलच्या वाफेने फसत नाही. किंमत दहापटीहून अधिक असूनही त्यानंतर बहुतेक लोक तोच नेत.

ठाणे-नवी मुंबईत एक प्रश्न वारंवार येतो, तो जागेचा. ज्यांच्या घरी सिलिंडर आहे त्यांनी सेन्सर जमिनीलगत ठेवावा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. ज्यांच्याकडे महानगर गॅसची पाइपलाइन आली आहे त्यांच्याकडे मिथेन असतो, तो वर जातो, म्हणून सेन्सर छताजवळ हवा आणि तोही शक्यतो मिथेनसाठीचा एमक्यू-४. सिलिंडरच्या दिवसांत ओट्याखाली बसवलेला प्रोजेक्ट पाइपलाइन आल्यावर तिथेच राहतो, हे आम्ही अनेक घरांतून ऐकले आहे.

सध्या आमचे लक्ष आर्द्रतेकडे आहे. २०२२ पासून सोळा सेन्सर आम्ही बंद न करता चालू ठेवले आहेत आणि दर सोमवारी पत्नी त्यांचे आकडे, खोलीचे तापमान आणि आर्द्रता वहीत लिहिते. जानेवारीत लावलेली अलार्मची पातळी जुलैत गॅस नसतानाही ओलांडली जाते, कारण दमट हवेत सेन्सरचा रोध मुळातच उतरलेला असतो. मुले जूनमध्ये "सेन्सर आपोआप वाजतो" म्हणून फोन करतात त्याचे कारण बहुधा हेच. म्हणून यंदापासून चिठ्ठीवर मोजणीच्या वेळचे तापमान आणि आर्द्रताही छापतो, आणि तापमान व आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ जोडून आकडा कसा दुरुस्त करायचा याचा एक पानी तक्ता देतो. सोळापैकी दोन सेन्सर गेल्या पावसाळ्यानंतर पूर्वीच्या आकड्यावर परतलेले नाहीत. त्यांना मांडणीवरच ठेवले आहे आणि त्यांच्या रकान्याखाली लाल पेनाने रेघ ओढली आहे.