तुम्ही विचारलंत म्हणून: अजून तोच जुना काँग?

घरी कुणी सिनेमा बघायला बसलं आणि मी १९३३चा ‘किंग काँग’ काढला, की प्रश्न ठरलेला. ‘अहो, ते बाहुलं आहे हे सरळ कळतं! पीटर जॅक्सनचा २००५चा एवढा देखणा काँग असताना हा कशाला?’ कुणी आडून विचारतं, कुणी तोंडावर. मी बहुतेक वेळा ‘बघा तर खरं’ म्हणून वेळ मारून नेते. आता पुन्हा विचारलंतच, तर नीट सांगते.

बाहुलं आहे हे कळतं, म्हणूनच. आणि घरी बघताना ते जास्त कळतं, म्हणून घरीच.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट दोन वाक्यांत. मंदीच्या काळातल्या न्यूयॉर्कमधून एक सिनेमावाला ॲन नावाच्या भुकेल्या, बेकार मुलीला जहाजावर घालून नकाशात नसलेल्या बेटावर नेतो. तिथला अजस्र वानर तिच्यात गुंततो, पकडला जातो, साखळदंडात बांधून ब्रॉडवेच्या रंगमंचावर उभा केला जातो. तिथून तो सुटतो आणि थेट एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या टोकावर चढतो. ही इमारत तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती आणि जगात सगळ्यात उंच होती, हे लक्षात ठेवलं की त्या चढण्याची ऐट वेगळीच वाटते.

आता रिमोट हातात घ्या. काँग अख्खा दिसतो असा कुठलाही प्रसंग लावा आणि फक्त त्याच्या छातीकडे, खांद्यांकडे बघा. वारा नाही, तरी अंगावरचे केस सारखे वळवळताना दिसतील. एकेक फ्रेम पुढे सरकवा: एका फ्रेममध्ये खांद्यावरची लव उभी, पुढच्या फ्रेममध्ये चेपलेली, त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये भलत्याच बाजूला वळलेली. ही बोटांची खूण आहे. मार्सेल डेलगाडोने घडवलेलं हे बाहुलं सुमारे दीड फुटाचं होतं. आत सांध्यांवर वळणारा धातूचा सांगाडा, त्यावर रबर आणि कापसाचे स्नायू, वर सशाची कातडी. सिनेमातली बाहुली जिवंत करणारा विलिस ओब्रायन आणि त्याचे सहकारी ते हाताने केसभर हलवायचे, बाजूला व्हायचे, एक फ्रेम टिपायचे, पुन्हा हलवायचे. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे एका मिनिटाला चौदाशे चाळीस. दर वेळी हात लागला की केस विस्कटणारच. सिनेमा पाहून स्टुडिओतल्या कुणा बड्या माणसाला वाटलं, की काँग रागाने केस फुलवतोय, आणि तो खूश झाला, असा एक किस्सा सांगतात. खरा असो-नसो, आहे झकास.

थिएटरात हे नुसतं डोळ्यांसमोरून सळसळत जातं. घरी थांबवता येतं. हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. अर्थात थांबवणंही सगळ्या काळात सारखं नव्हतं. व्हीएचएस कॅसेटवर पॉज दाबलं की चित्र थरथरायचं, मधूनच पांढरी रेघ धावायची, आणि जास्त वेळ थांबवलं तर टेप खराब होईल ही धाकधूक. लेझरडिस्क म्हणजे सिनेमाची मोठी तबकडी; तिचा एक प्रकार मात्र असा होता, की प्रत्येक फ्रेम स्वच्छ, स्थिर उभी राहायची. त्याबदल्यात एका बाजूला जेमतेम अर्ध्या तासाचा सिनेमा मावायचा, म्हणजे ऐन रंगात येऊन उठायचं आणि तबकडी उलटायची.

याच लेझरडिस्कवर एक भलताच महत्त्वाचा उद्योग झाला. १९८४ साली क्रायटेरियन या घरी बघायचे सिनेमे काढणाऱ्या कंपनीने ‘किंग काँग’ काढला, आणि त्यात रोनाल्ड हेवर नावाच्या चित्रपट-अभ्यासकाला चित्र चालू असताना बोलायला बसवलं. मूळ सिनेमाचा आवाज मोनो, म्हणजे एकाच वाटेचा. डिस्कवर आवाजाच्या दोन वाटा. एक मोकळीच होती. तिथे हेवरचं बोलणं भरलं. आज ज्याला आपण ऑडिओ कॉमेंटरी म्हणतो तिची सुरुवात या डिस्कपासून झाली. मला यात नवल वाटत नाही. ‘हे कसं केलं असेल?’ हा प्रश्न बघताबघता जिभेवर आणणारा याच्यापेक्षा योग्य सिनेमा त्यांना कुठला मिळणार होता?

पण नुसती कारागिरी दाखवायची असती तर मी एखादा माहितीपट लावला असता. काँग आणि टायरानोसॉरसची मारामारी घ्या. तो डायनोसॉर झाडीतून येतो तेव्हा आल्या आल्या काय करतो? कान खाजवतो. कथेला त्याची काडीइतकी गरज नाही. पण त्या एका हालचालीने तो राक्षस उरत नाही, जंगलात आपल्या कामाला निघालेला प्राणी होतो. मग झुंज जुंपते. काँग गुद्दे मारतो, पाठीवर चढतो, पेच टाकतो. ओब्रायन तरुणपणी काही काळ बॉक्सिंग करायचा, त्याचं हे फळ असावं असं मला नेहमी वाटतं. शेवटी तो शत्रूचा जबडा फाडतो. आणि आता बघा: तो लगेच छाती बडवत नाही. आधी वाकतो, मेलेल्याचा लुळा पडलेला जबडा हाताने उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. लहान मूल मोडलेलं खेळणं तपासतं तसा. विजयाची आरोळी त्यानंतर.

दीड फुटाच्या रबरी बाहुल्याला कुतूहल दिलं कुणी? कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या एका माणसाने, फ्रेममागून फ्रेम, दिवसचे दिवस. म्हणूनच केस वळवळतात तेव्हा मला ते बाहुलं खोटं वाटण्याऐवजी जास्तच जिवंत वाटतं. तो काँगचा अभिनय आहे आणि नटाचे ठसे अंगावर राहून गेलेत. २००५चा काँग मला आवडतो, तो साकारणाऱ्या अँडी सर्किसचं काम तर फारच. पण तो मी एकदा सुरू केला की शेवटपर्यंत बघते, कुठे थांबावंसं वाटत नाही. या जुन्याला मी दर पाच मिनिटांनी थांबवते. घरचे वैतागतात.

आवाजाकडेही कान द्या. जहाज न्यूयॉर्कहून निघेपर्यंत आणि पुढे समुद्रावरही, नावांची पाटी सोडली तर, पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. बेटाजवळ धुकं लागतं आणि तिथे संगीतकार मॅक्स स्टायनरचा वाद्यवृंद हळूच शिरतो. तिथून पुढे तो सिनेमाला सोडत नाही. बेटावरचा सरदार पायऱ्या उतरतो तेव्हा त्याच्या प्रत्येक पावलाला एक सूर. काँगची डरकाळी सिनेमाचे आवाज घडवणाऱ्या मरे स्पिवॅकने वाघ-सिंहांच्या आवाजातून बनवली, वेग कमी करून आणि उलटी वाजवून.

आता न आवडणारं. बेटावरच्या लोकांचं चित्रण बघवत नाही. गोऱ्या मुलीला बघून खुळावणारे, ढोल बडवणारे ‘जंगली’, आणि जहाजावर मोडकं इंग्रजी बोलणारा चिनी स्वयंपाकी. ॲनच्या वाट्याला किंचाळण्यापलीकडे फारसं काही नाही, जरी तिचं काम करणारी नटी फे रे तेही जीव ओतून करते. मुलं बरोबर असली तरी मी हा भाग पळवत नाही. ती विचारतात, मग बोलणं होतं.

पळवण्यावरून आठवलं. १९३८ साली सिनेमा पुन्हा झळकला तेव्हा नव्या सेन्सॉर नियमांमुळे त्याचे तुकडे कापले गेले: काँग ॲनचे कपडे सोलून बोटं हुंगतो ते, गावकऱ्यांना पायाखाली चिरडतो आणि चावतो ते, भलत्याच बाईला खिडकीतून उचलतो आणि ‘ही ती नव्हे’ म्हणून सोडून देतो ते. पुढे तीसेक वर्षं लोकांनी पाहिला तो हा सोज्वळ काँग. कापलेले तुकडे सापडून पुन्हा जोडले गेले ते १९७०च्या आसपास. आज तुमच्या-माझ्या टीव्हीवर येतो तो काँग आपल्याआधीच्या एका अख्ख्या पिढीने पाहिलेल्या काँगपेक्षा पूर्ण आहे.

एक तुकडा मात्र मिळालाच नाही. खलाशी ओंडक्यावरून दरीत पडतात, तिथे अवाढव्य कोळी आणि किडे त्यांच्यावर तुटून पडतात, असा प्रसंग होता. दिग्दर्शक मेरियन कूपरने सिनेमाची गती अडते म्हणून तो स्वतःच काढून टाकला. २००५ साली जुन्या सिनेमाची डीव्हीडी निघाली तेव्हा हा प्रसंग नव्याने करून त्यात घातला गेला, जुन्याच पद्धतीने, बाहुली बनवून, एकेक फ्रेम हलवून. करणारा कोण? तोच पीटर जॅक्सन, ज्याच्या काँगची बाजू घेऊन तुम्ही माझ्याशी भांडता.

राहिली बघायची रीत. मूळ सिनेमा कृष्णधवल आहे; १९८९मध्ये टर्नरच्या कंपनीने रंगवलेली आवृत्ती कुठे दिसली तर हात लावू नका. त्या धुक्यात आणि काचेवर रंगवलेल्या जंगलात सगळी गंमत करड्या छटांची आहे. चित्र जवळजवळ चौकोनी असल्यामुळे जुन्या टीव्हीवर ते जवळजवळ पूर्ण दिसायचं. रुंद पडद्याच्या सिनेमांच्या कडा कॅसेटवर छाटल्या जायच्या, याच्या नाही. आताच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. त्या राहू द्या. कुणीतरी हमखास रिमोट घेऊन चित्र ताणायला जाईल, त्याला अडवा; काँग मुळातच पुरेसा रुंद आहे.