तोरुन्य ते पार्दुबित्से : सहाव्या क्रमांकाच्या खाली चालणारी लढाई

पोलंडमधील तोरुन्य या शहरातील मोटोअरेना स्टेडियम ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याला एका स्पीडवे रायडरचे नाव आहे. स्वीडनचा पेर युन्सन १९९० मध्ये विश्वविजेता झाला, या शहराच्या क्लबकडून धावला आणि १९९४ मध्ये शर्यतीतील अपघाताने त्याची कारकीर्द संपली. स्टेडियम ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो मारियान रोझे हा इथलाच रायडर. तो १९७० मध्ये शर्यतीत मरण पावला. बहुतेक पर्यटक कोपर्निकसचे जन्मगाव म्हणून इथे येतात आणि विस्तुला नदीकाठची जुनी विटांची तटबंदी पाहून परततात. मी २०२४ च्या सप्टेंबरअखेर आलो तो स्पीडवे ग्रां प्री या जगज्जेतेपदाच्या मालिकेची फेरी पाहण्यासाठी, आणि तिथून पुढच्या शुक्रवारी चेक प्रजासत्ताकातील पार्दुबित्सेची ग्रां प्री चॅलेंज गाठण्यासाठी. तोरुन्यला त्या वर्षाचे जगज्जेतेपद ठरणार होते. पार्दुबित्सेला ठरणार होते ते पुढच्या वर्षी त्या जेतेपदासाठी कोणाला लढू द्यायचे. दर्दी प्रेक्षक वाद घालतात तो या दुसऱ्या प्रश्नावर.

खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मातीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवर चार रायडर चार फेऱ्या मारतात. मोटरसायकल ५०० सीसीची, मिथेनॉलवर चालणारी, एकाच गिअरची आणि ब्रेक नसलेली असते. वळणावर मागचे चाक बाहेर सरकवत, डाव्या बुटाखाली बांधलेली पोलादी पट्टी जमिनीला टेकवत वळायचे. एका शर्यतीला जेमतेम मिनिटभर लागते आणि पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक असे गुण मिळतात. शेवटच्याला काहीच मिळत नाही. सोळा रायडर, वीस हीट म्हणजे प्राथमिक शर्यती आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती असा हा आराखडा आहे, आणि त्यात प्रत्येक जण इतर प्रत्येकाशी नेमका एकदा भिडतो. क्रीडाजगतात इतका न्याय्य आराखडा क्वचितच सापडेल असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि म्हणूनच त्याच्या भोवती रचलेल्या पात्रतेच्या नियमांबद्दल मला इतकी आस्था आहे.

मोटोअरेनाच्या प्रेक्षागृहावर छप्पर असल्यामुळे इंजिनांचा आवाज बाहेर निसटत नाही. माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ बसले होते आणि त्यांच्यासोबत त्यांची विद्यापीठात शिकणारी नात होती. आजोबा पोलिश बोलत, नात ते मला इंग्रजीत सांगे, आणि पटले नाही की सांगण्यापूर्वीच त्यांच्याशी वाद घाले. दोघांच्याही हातात छापील कार्यक्रमपत्रिका आणि पेन होते. इथे अर्धे स्टेडियम प्रत्येक हीटनंतर मान खाली घालून गुण भरते. आजोबांच्या पत्रिकेत मात्र समासात पेन्सिलीने आणखी एक बेरीज चालली होती. ती पहिल्या क्रमांकाची नव्हती. मोसमाच्या एकूण गुणांत सहावा आणि सातवा यांच्यात किती अंतर उरले आहे, हे ते दर वेळी मांडत होते.

त्याचे कारण नियमात होते. मालिकेत पंधरा कायम रायडर असतात आणि सोळावी जागा प्रत्येक ठिकाणी स्थानिक आमंत्रिताला मिळते. पूर्वी पुष्कळ वर्षे पहिले आठ जण पुढच्या मोसमात आपोआप राहत असत. २०२४ मध्ये पहिल्या सहांनाच तो हक्क होता. चार जण ग्रां प्री चॅलेंजमधून येत, एक जागा युरोपीय विजेत्याला मिळे आणि उरलेल्या चार जागा आयोजकांची समिती वाइल्ड कार्ड म्हणून वाटत असे. सातव्या क्रमांकाचा रायडर मोसमभर जगातल्या सर्वोत्तमांबरोबर लढलेला असतो, तरी त्याला हिवाळ्यात समितीच्या घोषणेकडे डोळे लावून बसावे लागते. आजोबांचा राग या वाट पाहण्यावर होता. नातीचे म्हणणे असे, की सातवा आला याचा अर्थ सहा जण त्याच्यापेक्षा चांगले होते, आणि कुठेतरी रेघ मारावीच लागते. माझ्या मते रेघ सहाव्या क्रमांकाखाली मारली यात काही वावगे नाही. तिच्या खाली गेलेल्याचे भवितव्य ट्रॅकवर ठरण्याऐवजी बैठकीच्या खोलीत ठरते, हे मात्र मला खटकते.

गुणांच्या पद्धतीवरून दोघांचे भांडण अधिक जोरात झाले. २०१९ पर्यंत रायडरने त्या संध्याकाळी शर्यतींत मिळवलेले गुण मालिकेच्या खात्यात जमा होत असत. २०२० पासून केवळ अंतिम क्रमांकाला गुण मिळू लागले, विजेत्याला २०, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १६, चौथ्याला १४ आणि पुढे उतरत्या क्रमाने. २०२४ पर्यंत वीस हीटनंतर उपांत्य शर्यती आणि मग अंतिम शर्यत होत असे, आणि यातून असे घडू शकत होते, की पाचही हीट जिंकून १५ गुण मिळवलेला रायडर उपांत्य शर्यतीत पहिल्या वळणावर अडकतो आणि १२ किंवा त्याहून कमी गुण घेऊन घरी जातो, तर जेमतेम आठ-नऊ गुणांवर उपांत्य फेरीत शिरलेला रायडर शेवटच्या दोन शर्यतींत नीट सुटला म्हणून २० घेऊन जातो. नातीला ही चुरस आवडते. शेवटच्या मिनिटापर्यंत काहीच नक्की नसते, म्हणून तिच्या पिढीचे लोक स्टेडियमवर येतात, असे ती म्हणाली. आजोबांनी पेन टेबलावर आपटावे तसे गुडघ्यावर आपटले. मी मनाने त्यांच्या बाजूचा आहे. वीस हीटमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाशी भिडवायचे आणि मग त्या वीस हीटना केवळ प्रवेशपरीक्षेचे मोल द्यायचे, हे मला पटत नाही.

पण हेच आजोबा १९९५ पूर्वीच्या एकदिवसीय विश्वविजेतेपदाचेही पुरस्कर्ते निघाले, आणि इथे आमचे फाटले. १९३६ मध्ये वेम्बलीला पहिली अंतिम स्पर्धा झाली तेव्हापासून १९९४ पर्यंत जगज्जेता बहुतांशी एकाच संध्याकाळी ठरत असे. निरनिराळ्या खंडांतल्या आणि देशांतल्या पात्रता फेऱ्यांतून सोळा जण येत आणि वीस हीटमध्ये निकाल लागे. आजोबा लहानपणी वडिलांबरोबर १९७३ साली होझूवच्या सिलेशियन स्टेडियमवर गेले होते. तिथे एक लाखाहून अधिक लोकांसमोर पोलंडचा येझी श्चाकेल आणि न्यूझीलंडचा आयव्हन मेजर यांचे प्रत्येकी १३ गुण झाले, विजेतेपदासाठी दोघांची स्वतंत्र शर्यत झाली आणि त्या शर्यतीत मेजर पडला. पोलंडला पहिला विश्वविजेता मिळाला. मेजर पुढे सहा वेळा विजेता म्हणून निवृत्त झाला. श्चाकेलला तसे यश पुन्हा लाभले नाही. आजोबा म्हणाले, की म्हणूनच ती संध्याकाळ विसरता येत नाही, कारण त्या दिवशी कोणीही जिंकू शकत होते. मी त्यांना विचारले, की त्या वर्षी जगातला सर्वोत्तम रायडर कोण होता. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, की तो प्रश्न वेगळा आहे.

मला वाटते, संपूर्ण वादाचे मूळ या उत्तरात आहे. मालिका सर्वोत्तम रायडर शोधते आणि एकदिवसीय स्पर्धा त्या दिवसाचा विजेता शोधते. डेन्मार्कचे ओले ऊल्सेन, जे स्वतः तीन वेळा विश्वविजेते होते, त्यांनी ग्रां प्री मालिका उभारण्यात पुढाकार घेतला. शेवटची एकदिवसीय अंतिम स्पर्धा १९९४ मध्ये त्यांच्याच वॉयन्स येथील स्टेडियमवर झाली आणि ती स्वीडनच्या टोनी रिकार्डसनने जिंकली. रिकार्डसनने पुढे मालिकेच्या काळातही पाच विजेतेपदे मिळवली, म्हणजे दोन्ही पद्धतींत तो श्रेष्ठ ठरला. सर्वोत्तम रायडर मालिकेनेच निवडावा, याबद्दल मला शंका नाही.

तोरुन्यहून पार्दुबित्सेला जाताना मी व्रोत्स्वावमध्ये मुक्काम केला, ऑलिंपिक स्टेडियमचा स्पीडवे ट्रॅक बाहेरून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून चेक प्रदेशात उतरणारी रेल्वे धरली. पार्दुबित्सेची झ्लाता प्शिल्बा, म्हणजे सोनेरी शिरस्त्राणाची शर्यत, १९२९ पासून चालत आलेली आहे; पूर्वी तिथे एकेका हीटमध्ये सहा रायडर सोडत असत. जावा मोटरसायकलींचा हा देश, आणि स्पीडवेमध्येही जावाच्या इंजिनांनी दीर्घकाळ राज्य केले. २०२४ मध्ये त्या शर्यतीच्याच आठवड्यात इथे चॅलेंज ठेवली होती.

चॅलेंजमध्ये उपांत्य फेरी नसते, अंतिम शर्यतही नसते. जुन्या पद्धतीच्या वीस हीट होतात, बेरीज करायची आणि पहिले चार जण पुढच्या वर्षी जगज्जेतेपदाच्या मालिकेत जातात. वसंतात आणि उन्हाळ्यात युरोपभर झालेल्या पात्रता फेऱ्यांतून गाळून आलेले रायडर इथे असतात, आणि मालिकेत पहिल्या सहांबाहेर राहण्याची भीती असलेलेही असतात. तोरुन्यला विजयाची झगमग होती, दिवे विझवून परिचय होत होता; इथे माणसे गप्प होती. मी स्टार्टच्या अगदी समोर जागा घेतली होती. हीटपूर्वी प्रत्येक रायडर गाडीवरून न उतरता आपल्या गेटमधली, म्हणजे स्टार्टच्या रेषेवर ठरवून दिलेल्या जागेतली, माती बुटाच्या टाचेने खरवडत होता, सैल माती मागे ढकलून खालचा कठीण थर शोधत होता आणि मागचे चाक नेमके त्या चरात आणून ठेवत होता. दोन मिनिटांचे घड्याळ चालू असते, त्यामुळे हे काम घाईत पण सरावल्यासारखे व्यवस्थित चालते. मग चौघेही टाकीवर पुढे झुकतात, क्लच दाबलेला असतो, इंजिने एका सुरात किंचाळतात, नजरा फितीवर असतात आणि फीत वर उडताच समोरच्या हवेत मातीखेरीज काही दिसत नाही. चार गेट आणि पाच शर्यती असल्यामुळे प्रत्येकाला एक गेट दोनदा मिळते. ते आतले मिळाले की बाहेरचे, आणि संध्याकाळच्या कोणत्या टप्प्यावर मिळाले, यावर रायडरचे पुढचे वर्ष अवलंबून राहू शकते. पहिल्याच शर्यतीत शेवटचा आलेला एक जण पिटमध्ये परतताना हेल्मेट न काढता मेकॅनिकशी बोलत होता. त्याच्या हातून तीन गुण गेले होते आणि ते भरून काढायला पुढे उपांत्य फेरी नव्हती.

त्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियाचा ब्रेडी कर्ट्झ जिंकला आणि त्याने २०२५ च्या मालिकेत जागा मिळवली. पुढच्या मोसमात जे घडले ते प्रत्येक स्पीडवेप्रेमीला माहीत आहे: कर्ट्झने सलग पाच ग्रां प्री जिंकल्या, वॉयन्सच्या अखेरच्या फेरीपर्यंत विजेतेपद खेचून नेले आणि पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकपेक्षा केवळ एका गुणाने मागे राहिला. झ्मार्झलिकचे ते सहावे विजेतेपद होते, म्हणजे त्याने मेजर आणि रिकार्डसन यांच्याशी बरोबरी केली. पात्रतेच्या दारातून आलेला रायडर जगातल्या सर्वात यशस्वी माणसाला एका गुणापर्यंत रेटू शकतो, याहून चांगला पुरावा चॅलेंजच्या बाजूने कोणता द्यायचा?

वाइल्ड कार्डच्या बाजूनेही एक ठोस उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ब्रिटनचा टाय वॉफिंडन २०१० च्या मालिकेत तळाशी राहिला होता. २०१३ साठी समितीने त्याला वाइल्ड कार्ड दिले आणि त्याच वर्षी तो विश्वविजेता झाला, नंतर २०१५ आणि २०१८ मध्येही. समितीची नजर कधी कधी पात्रता फेऱ्यांपेक्षा पुढचे पाहते, हे मान्य करावे लागते. दुखापतीमुळे अर्धा मोसम गमावलेल्या रायडरलाही दुसरा मार्ग नसतो, आणि ज्या खेळात हाडे मोडणे नेहमीचे आहे तिथे ही बाब किरकोळ नाही. तरीही चार जागा मला जास्त वाटतात. समितीला चार जागा दिल्या की प्रायोजक, प्रक्षेपणाचे हक्क आणि कोणत्या देशातली तिकिटे विकायची आहेत, हे सगळे विचार आपोआप टेबलावर येतात, आणि मग निवड प्रामाणिक असली तरी प्रेक्षकांचा तिच्यावर विश्वास बसत नाही.

पार्दुबित्सेच्या स्टँडमध्ये एका डॅनिश प्रेक्षकाने मला आणखी एक बाजू दाखवली. रायडरची रोजीरोटी ग्रां प्रीवर चालत नाही, ती लीगवर चालते. पोलंडच्या एक्स्ट्रालीगाचे सामने शुक्रवारी आणि रविवारी असतात, स्वीडनची लीग मंगळवारी, आणि शनिवार ग्रां प्रीसाठी मोकळा ठेवलेला असतो. करारात प्रत्येक गुणाची किंमत ठरलेली असते. त्यामुळे जगज्जेतेपदाच्या मालिकेत नसलेला रायडरही उत्तम कमावू शकतो, आणि मालिकेत असलेल्याला स्वतःची इंजिने, मेकॅनिक आणि गाड्यांची ने-आण यांचा खर्च लीगच्या कमाईतून भागवावा लागतो. समितीने आमंत्रण दिले तरी काही जण दोनदा विचार करतात, त्याचे कारण हे आहे.

जखमी रायडरसाठी एक वाइल्ड कार्ड राखून ठेवावे, एक समितीच्या पारखीसाठी असावे आणि उरलेल्या दोन जागा चॅलेंजला द्याव्यात, म्हणजे तिथून चारऐवजी सहा जण वर येतील, असे मी त्या डॅनिश गृहस्थांना म्हणालो. त्यांनी लगेच देशांच्या कोट्याचा प्रश्न काढला, आणि तो रास्त आहे. पात्रता फेऱ्यांत प्रत्येक देशाला ठरावीक रायडर पाठवता येतात. पोलंडमध्ये त्या थोड्या जागांसाठी झ्वोती कास्क ही देशांतर्गत स्पर्धाच वापरली जाते, आणि तिथे बाहेर पडलेला रायडर दुसऱ्या एखाद्या देशात सहज पहिला ठरला असता. चॅलेंजच्या जागा वाढवायच्या, तर मोठ्या लीगच्या देशांना पात्रता फेऱ्यांत एकेक जागा जादा द्यावी लागेल. नाहीतर दार रुंद होईल, पण दारापर्यंत पोहोचण्याची रांग आहे तशीच राहील.