गर्ल्स डे: भाषण नको, सोल्डरिंग आयर्न द्या

जर्मनीत २००१पासून दरवर्षी एप्रिलच्या सुमारास ‘गर्ल्स डे’ असतो. पाचवीपासून पुढच्या मुली त्या दिवशी शाळेऐवजी कारखान्यात, लॅबमध्ये नाहीतर विद्यापीठात जातात. पीपीटी दाखवून मोकळे होणारे विभाग जर्मनीतही आहेत. (आपल्याकडे त्याआधी दीपप्रज्वलन, एवढाच फरक.)

त्यापेक्षा मुलींना सौरदिवा जोडायला द्या. दोघींत एक सोल्डरिंग आयर्न (सोल्डर हा मऊ धातू वितळवून तारा जोडायचं तापतं हत्यार), एका गटात जास्तीत जास्त बारा जणी. मिश्र गटात आयर्न मुलाकडे आणि वही मुलीकडे जाते, म्हणून हा खटाटोप. सामान थोडंच: ४ व्होल्टचं छोटं पॅनल, वीज साठवायला ५.५ व्होल्ट १ फॅरडचा सुपरकपॅसिटर, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा शॉटकी डायोड, २२० ओहमचा रेझिस्टर, लाल एलईडी आणि एक स्विच. ५ व्होल्टचं पॅनल घेऊ नका. भार नसताना भर उन्हात ते ६च्या वर जातं आणि कपॅसिटर कामातून जातो.

आयर्न साधारण ३५० अंशांवर ठेवा. टोक आधी पॅड (जिथे तार जोडायची ती धातूची जागा) आणि तार दोन्हींना टेकवायचं, दोन सेकंदांनी सोल्डर लावायचं. मुली सोल्डर थेट टोकावर वितळवतात. मग वरून गोळा दिसतो, आतून जोड सुटा. डायोडचा पट्टा कपॅसिटरच्या बाजूला हवा. उलटा लागला तर चार्जिंगच होत नाही. आणि चाचणी ट्यूबलाइटखाली नको, तिथे पॅनल जवळजवळ काहीच देत नाही. बाहेर उन्हात नेलं की एक-दोन मिनिटांत काम होतं.

दिवा लागला नाही तर तो बदलून देऊ नका. बिघडलेला जोड शोधून तिनंच दुरुस्त करायचा.

विद्यापीठात पर्यावरण शिकवायचं तेही याच टेबलावर. आपल्याकडचा ईव्हीएसचा (पर्यावरण अभ्यासाचा) पेपर, झेरॉक्स प्रोजेक्टसकट, सगळ्यांना माहीत आहे. वेगळ्या पेपरऐवजी डिझाइन प्रोजेक्टच्या सुट्या भागांच्या यादीत तीन रकाने वाढवा: वजन, पदार्थ, आणि जोड स्क्रूचा की गोंदाचा. गोंदानं चिकटवलेली बॅटरी दिसली की मार्क कापायचे. १८ फेब्रुवारी २०२७पासून युरोपियन युनियनमध्ये, मोजके अपवाद वगळता, उपकरणातली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आलीच पाहिजे, असा नियम आहे. युरोपला माल पाठवणाऱ्या पुण्याच्या कंपन्यांनाही तो लागू. तेव्हा तोंडी परीक्षेत एकच प्रश्न पुरे: ‘ही बॅटरी काढून दाखव, पाच मिनिटांत.’