झुरळांसाठी किसलेला कांदा

पत्रपेटीतले कागद मी सहसा न वाचताच फ्रीजवर चिकटवते. अमक्या दिवशी पाण्याची टाकी धुणार, तमक्या दिवशी आगीच्या भोंग्याची तपासणी, असलंच काहीतरी असतं, आणि ते जपानीत असतं. परवाचा कागद मात्र इंग्रजीत होता, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. इमारतीत झुरळांचा उपद्रव वाढला आहे, तेलकट आणि उग्र वासाचा स्वयंपाक करणाऱ्या रहिवाशांनी स्वयंपाकघराच्या स्वच्छतेकडे विशेष लक्ष द्यावं, असा मजकूर. खाली क्षमायाचना आणि सहकार्याबद्दल आगाऊ आभार. शेजारच्या जपानी बाईंना विचारलं, तर त्यांना असा कागद आलाच नव्हता. वरच्या तेलुगू कुटुंबाला आला होता. त्यांच्याही वरच्या गुजराती काकूंना आला होता. म्हणजे व्यवस्थापन कंपनीनं तपास लावून, आरोपी ठरवून, पत्रं वाटून टाकली होती.

मी राहते ते टोकियोतलं निशिकासाई. 2000 सालच्या आगेमागे संगणकवाले भारतीय इथे यायला लागले. तोझाई लाइन या मेट्रोने बँकांच्या कचेऱ्यांपर्यंत थेट जाता येतं म्हणून इथेच राहिले, आणि मग एकाला बघून दुसरा आला. आता इथे कढीपत्ता मिळतो, इडलीचं पीठ मिळतं. योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस 2019 मध्ये एदोगावाच्या, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या, सभेत निवडूनही गेला. पण भिंतीवर झुरळ दिसलं की सगळ्यांच्या नाकाला पहिल्यांदा आमचीच फोडणी आठवते.

आता माझ्या ओट्याबद्दल सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. रात्री ओटा पुसून, सिंक कोरडं करून, खरकट्याची जाळी झटकूनच मी दिवा घालवते. डाळी-तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यांत. ओल्या कचऱ्याची पिशवी गाठ मारून, वर दुसरी पिशवी, आणि जाळायच्या कचऱ्याचा वार येईपर्यंत ती बाल्कनीतल्या झाकणाच्या पिंपात. तळमजल्यावर याकितोरीचं दुकान आहे. तिथे दुपारपासून कोळशावर कोंबडी भाजतात, गोड सॉस निखाऱ्यांवर ठिबकत असतो, मागच्या दाराशी बियरचे क्रेट आणि पुठ्ठ्याचे खोके रचलेले असतात. पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये झुरळं किती सुखानं नांदतात हे कुठल्याही पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारा. त्या दुकानाला कागद गेला नव्हता. कोंबडीचा धूर हा टोकियोचा सुगंध, आणि हिंगाचा तो उग्र वास!

बरं, इथे घरात दिसणारी झुरळं मुख्यतः दोन जातींची. एक मोठं, काळं, चकचकीत, उडणारं. ते बहुतेक वेळा बाहेरून येतं. गटारातून, दाराच्या फटीतून, आणि गंमत म्हणजे एसीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीतून. त्या नळीच्या तोंडाला लावायची जाळीची टोपी शंभर येनच्या दुकानात मिळते. तुमच्या घरी एसीची नळी उघडी लोंबत असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, बाकीचं नंतर. दुसरं लहान, तपकिरी, डोक्यामागे दोन गडद पट्टे असलेलं जर्मन झुरळ. ते हॉटेलांच्या उबदार स्वयंपाकघरांत वाढतं आणि तिथून इमारतभर पसरतं. आमच्याकडे होतं ते हे.

जर्मन म्हटल्यावर मला जरा हायसं वाटलं होतं. चला, आपला संबंध नाही. मग नको ते वाचलं. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1767 मध्ये त्याच्या नावात जर्मनीला चिकटवलं खरं, पण 2024 मध्ये संशोधकांनी 17 देशांतल्या 281 झुरळांचे जनुक ताडून पाहिले, तर हा प्राणी साधारण 2100 वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये, माणसांच्या वस्तीला सोकावलेल्या आशियाई झुरळांपासून निघाला असं दिसलं. तिथून तो आधी पश्चिम आशियात गेला आणि पुढे व्यापाराच्या जहाजांतून जगभर. म्हणजे व्हिसाबिसाची भानगड नसताना गेलेला आपलाच पहिला अनिवासी. व्यवस्थापन कंपनीला हा शोधनिबंध सापडू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

तर या रागात मी असताना कैरानबान आलं. कैरानबान म्हणजे रहिवासी मंडळाची सूचना लावलेली पाटी. ती एका दारातून दुसऱ्या दारात फिरते, आपण वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. व्हॉट्सॲपच्या जमान्यात हे का, असं मला वाटायचं. यावेळी ती द्यायला दुसऱ्या मजल्यावरच्या आजी स्वतः आल्या. ऐंशीच्या पुढच्या, पाठीत किंचित वाकलेल्या. मंडळाच्या खोलीत होउसान-दांगो करणार आहोत, म्हणजे बोरिक ॲसिडच्या गोळ्या, दरवर्षी मे महिन्यात करतो, तुम्हीही या, असं म्हणाल्या. कागदाचा विषय मीच काढला. आजींनी तो वाचला, घडी घातली, एप्रनच्या खिशात टाकला आणि म्हणाल्या, "झुरळं मी या इमारतीत आले तेव्हापासून आहेत. तुम्ही यायच्या कितीतरी आधीपासून." कंपनीकडे तक्रार करू का, मला काय वाटलं, यातलं काहीही विचारलं नाही. एवढं बोलून त्या पुढच्या दाराकडे गेल्या. मला मात्र पुढचा सगळा दिवस त्यांच्या मागे जाऊन पाया पडावंसं वाटत होतं.

गोळ्यांचा कार्यक्रम मला तोंडपाठ झाला आहे, आणि तो सांगायचा मोह मी आवरणार नाही. मे महिना का, तर जूनमध्ये त्सुयू, म्हणजे इथला पाऊस सुरू होतो आणि मग गोळ्या वाळत नाहीत, बुरशी धरतात. टेबलांवर वर्तमानपत्रं पसरलेली. प्रत्येकीला हातमोजे आणि मास्क. घमेली, चमचे आणि किसण्या मंडळाच्या वेगळ्या, त्यांच्यावर लाल रंगानं खूण केलेली, म्हणजे चुकूनही कुणाच्या स्वयंपाकघरात जायची नाहीत. एका घाण्याला औषधांच्या दुकानातून आणलेलं बोरिक ॲसिड 250 ग्रॅम, मैदा 100 ग्रॅम, एक मोठा कांदा, साखर एक मोठा चमचा, दूध एक मोठा चमचा. ग्रॅम म्हणजे ग्रॅम. काट्यावर 252 आलं तर एक बाई चमच्याच्या टोकानं दोन ग्रॅम काढताना मी या डोळ्यांनी पाहिली. आधी कोरडी पावडर, मैदा आणि साखर एकजीव करायची, मग किसलेला कांदा पाण्यासकट घालायचा, कारण वास त्या पाण्यात असतो. दूध शेवटी, लागेल तसं. पीठ किती मऊ हवं, हे आजींनी हातमोजे चढवण्याआधी स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून दाखवलं. मग सगळ्या बायकांनी आपापली कानाची पाळी चाचपली. मीही चाचपली. 500 येनच्या नाण्याएवढ्या चपट्या गोळ्या करायच्या, मध्ये अंगठ्यानं दाबायचं म्हणजे आतपर्यंत वाळतात, आणि उन्हात काही दिवस ठेवून कडक करायच्या.

कांदा किसायला माझी नेमणूक झाली. बाकीच्या जणी डोळे पुसत बाहेर जाऊन येत होत्या, मी एकहाती कांद्यांचा ढीग संपवला. भारतीय स्वयंपाकाबद्दल इतक्या आदरानं बोलणं मी या इमारतीत पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी डोंबिवलीला आईला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, कांदा कशाला? झुरळांना पोहे करून घालायचेत का?" आईची कृती तुम्हाला ठाऊकच असेल, निम्म्या महाराष्ट्राची तीच आहे. मेडिकलमधून बोरिक पावडर आणायची, कणीक, साखर आणि दूध घालून मळायची, गोळ्या सिलिंडरमागे, ट्रॉलीच्या खालच्या खणात आणि मोरीच्या कोपऱ्यात. माप विचारलं तर "अंदाजानं". घरात कॅरमची पावडर उरली असेल तर तीही चालायची, पण आता सगळ्याच कॅरम पावडरी बोरिकच्या नसतात, डब्यावर वाचून घ्या. गंमत अशी की आईचा अंदाज अगदीच टाकाऊ नाही. साखरेच्या पाण्यात एक-दोन टक्के बोरिक ॲसिडही जर्मन झुरळांना पुरतं, असं अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे 250 ग्रॅमचा तो सोहळा विज्ञानासाठी जितका, तितकाच मंडळाच्या समाधानासाठी. पण हे आजींना सांगायची माझी छाती नाही.

दोन्हींकडचं विष एकच, त्याची चालही तीच. बोरिक ॲसिड उडून जात नाही, कोरडं राहिलं तर महिनोन्महिने टिकतं. झुरळ ते खातं, शिवाय पायांना आणि मिशांना लागलेली पावडर स्वतःला साफ करताना चाटतं आणि काही दिवसांनी मरतं. ते पाणी शोधत घराबाहेर जाऊन मरतं ही मात्र भाकडकथा आहे. आमच्या फ्रीजमागे उताणी पडलेली मी केरसुणीनं ओढून काढली आहेत. अंड्यांच्या कोषावर बोरिकचा परिणाम होत नाही, आणि जर्मन झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांचा कोष ती फुटायची वेळ येईपर्यंत अंगाला चिकटवून फिरते. म्हणून आठवड्याभरात फरक दिसला नाही की वैतागून गोळ्या टाकू नका, पुढची पिढी निघेपर्यंत त्या जागेवर हव्यात. आणि गोळ्या ठेवल्यात तिथे वरून फवारा तर मुळीच मारू नका. फवाऱ्याचा अंश लागलेल्या खाण्याला झुरळ तोंड लावत नाही, मग गोळीही वाया आणि फवाराही. रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर गोळ्या उघड्यावर नकोतच. बोरिक दोघांनाही घातक, आणि कुत्र्यांना तर कांदाही सोसत नाही. आमच्याकडे प्रत्येक गोळी ॲल्युमिनियमच्या वाटीत, वाटीवर 'विष' लिहिलेलं आणि तारीख घातलेली.

फरक आहे तो पुढे. डोंबिवलीत आई गणपतीच्या आधी गोळ्या ठेवते, तेव्हा आमची झुरळं शेजारच्या काकूंकडे वाढतात. काकू दिवाळीच्या सफाईत पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतात, तेव्हा ती माहेरी परत येतात. इथे सगळ्या मजल्यांवर एकाच आठवड्यात गोळ्या बसल्या. घराचा नकाशा छापून दिला होता, त्यावर जागांच्या खुणा: सिंकखाली, फ्रीजमागे, वॉशिंग मशीनच्या बाजूला, शेगडी आणि भिंतीच्या फटीत. झुरळांना जायला शेजार उरला नाही. आमच्या सोसायटीत हे सुचवलं, तर आधी कांद्याचे पैसे मेंटेनन्समधून की वर्गणीतून यावर सभा होईल आणि दुसऱ्या सभेला कोरम भरणार नाही. हे मी कौतुकानं लिहीत नाहीये, चिडून लिहितेय. पण मग हेही लिहिते की आईच्या घराची किल्ली काकूंकडे असते, बाबांना रात्री छातीत दुखलं तेव्हा काकाच गाडी काढून आले होते, आणि इथे माझ्या भिंतीपलीकडचा माणूस मला फक्त खोकल्यावरून ओळखता येतो. सगळं एकाच ठिकाणी कुठे मिळतं?

गोळ्यांच्या आधी आणि काही आठवड्यांनी मंडळानं प्रत्येक मजल्याच्या जिन्यात गोकिबुरी होइहोइ लावले. घराच्या आकाराचा हा चिकट कागदाचा पुठ्ठा जपानमध्ये 1973 पासून विकला जातो, वर खिडक्या-बिडक्याही छापलेल्या असतात. मंडळ तो मारायला नाही, मोजायला वापरतं. कोणत्या मजल्यावर किती अडकली याचा तक्ता खाली सूचनाफलकावर लागला. मी मुद्दाम भाजीची पिशवी खाली ठेवून तो नीट वाचला. आधीच्या मोजणीत सगळ्यात जास्त पहिल्या मजल्यावर, याकितोरीच्या धुरांड्याशेजारी. वर जावं तसा आकडा कमी. आमचा मजला, तेलुगू कुटुंबाचा मजला, गुजराती काकूंचा मजला, सगळ्यांचे आकडे सगळ्यात कमी. नंतरच्या मोजणीत वरच्या मजल्यांवर जवळजवळ काही नाही. मी तक्त्याचा फोटो काढून आमच्या भारतीय ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही, पण हसरे चेहरे रात्री उशिरापर्यंत येत राहिले.

व्यवस्थापन कंपनीचा पुन्हा काही कागद आलेला नाही, ना माफीचा, ना दुसरा. नवरा म्हणतो, सोड आता. आजी म्हणतात, पुढच्या मे महिन्यात कांदे तुमच्याकडेच. तळमजल्यावरच्या दुकानानं मात्र मंडळानं ठेवलेल्या वाट्या परत पाठवल्या, गिऱ्हाइकांना दिसलं तर बरं दिसत नाही म्हणून. आता त्यांना कोण समजावणार, यावर मंडळात सध्या फार आदबशीर शांतता आहे. मी बोलायला तयार आहे, पण इतक्या आदबशीर जपानीत भांडता येण्यासाठी मला अजून एक परीक्षा पास व्हावी लागेल.