आमची वाटचाल : लसवाल्याचं दुकान

हातकणंगले तालुक्यातल्या लेयरवाल्यांना, म्हणजे अंड्याच्या कोंबड्या पाळणाऱ्यांना, लस पुरवायची आणि आपलीच पोरं पाठवून टोचूनही द्यायची, हा आमचा धंदा. लासोटा (राणीखेतची लस), गंबोरो आणि देवी या कोंबड्यांच्या रोगांवरच्या लसींवर दुकान उभं राहिलं.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला. नवापूर कुठं, कोल्हापूर कुठं! पण तांबड्या रश्श्याच्या या गावात चिकनला गिऱ्हाईक उरेना. अंड्याला भाव नाही, म्हणून शेडवाल्यांची उधारी अडकली. कंपनीला मात्र लसीचे पैसे वेळेवर हवेत. दुकानाला कुलूप लागायचंच बाकी होतं. त्यात जवळच्याच एका विक्रेत्यानं उठवलं, की आमची पोरं शेडाशेडांतून रोग फिरवतात. गमबूट धुतल्याशिवाय, सुया उकळल्याशिवाय आमचं माणूस दारात पाऊल टाकत नसे! तेव्हा आमचे गिऱ्हाईक असलेले एकटे तात्या म्हणाले, "रोग यायचा तवा येईल. माझ्या पुलेटांना, तरण्या कोंबड्यांना, सुई तुझीच." आणि पैसे रोख मोजले.

पुढची वर्षं बरी गेली.

डिसेंबर २०२२ मध्ये भोपाळच्या सरकारी संस्थेनं एच९एन२ ची लस काढली. बाजारात एच९ च्या बाटल्या दिसू लागल्या, तसा तोच अफवा उठवणारा विक्रेता त्या 'बर्ड फ्लूची लस' म्हणून खपवायला लागला. अहो, एच९ हा बर्ड फ्लूचा सौम्य प्रकार. अंडी घटतात, मर थोडी. नवापूरचा एच५एन१ निराळा, ही लस त्याला अडवत नाही. त्याच्यावर लस टोचायला आपल्याकडे परवानगीच नाही. रोग निघाला की एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे. चीन एच५ ची लस वर्षानुवर्षं टोचतोय, फ्रान्सनं २०२३ पासून बदकांना सुरू केलं. टोचलेला पक्षी न मरता गुपचूप विषाणू सोडत राहील, ही धास्ती खरी आहे. पण सोबत कडक तपासणी ठेवून लेयरला तरी परवानगी द्यावी, असं माझं मत. हे सगळं गिऱ्हाइकांना खरं सांगितलं, तर निम्मी त्याच्याकडे गेली. तात्या इथंच.

आता कुणी विचारलं नाही तरी सांगतो. किल्ड लसीची (मारलेल्या विषाणूची, तेलातली लस) बाटली बर्फात गोठवू नका. फ्रीजमधून काढली की लगेच टोचू नका. तेल थंड असलं की सिरिंज अडते आणि मानेला गाठ येते. बाटली हलवत राहा. मानेची कातडी चिमटीत उचलून, सुई अंगाच्या दिशेनं, अर्धा मिली. बोथट सुई फेकून द्या, दोन रुपयांसाठी पक्षी फाडू नका.

आणि २००६ ची उधारी ज्यांच्याकडे राहिलीय, त्यांनी दुकानात यावं. व्याज मागणार नाही.