सतीने केलेली सकाळ

शनिवार, रात्रीचे पावणेबारा

दोन दिवस पाऊस हटायला तयार नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, म्हणजे उद्या सकाळी निम्मं नाशिक गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) पूर बघायला जाणार. लेकीबरोबर आज 'द मॅट्रिक्स'चा तिसरा भाग संपवला. आठवड्याभरात तिन्ही झाले. ती झोपली, माझा डोळा लागत नाही.

हा भाग मी 2003 च्या नोव्हेंबरात कंपनीतल्या मित्रांबरोबर पाहिला होता आणि चिडून थिएटरबाहेर पडलो होतो. 1999 च्या पहिल्या भागाने आम्हाला वेड लावलं होतं. हे जग म्हणजे यंत्रांनी माणसांना झोपवून त्यांच्या डोक्यात चालवलेला मॅट्रिक्स नावाचा प्रोग्रॅम, त्यातून जागं व्हायचं. आम्ही म्हणालो, ही तर आपली माया! मग शेवटी नायकाने, निओने, सगळ्यांना जागं करायला नको? तो मरतो, यंत्रं आहेत तिथेच राहतात, तह होतो, ज्यांना बाहेर पडायचंय त्यांना सोडणार एवढंच ठरतं. बाकीचे आतच.

आज तोच शेवट वेगळा दिसला.

आधी ती पावसातली लढाई. यंत्रांच्याही ताब्यातून सुटलेल्या स्मिथ नावाच्या प्रोग्रॅमने मॅट्रिक्समधल्या प्रत्येकाला स्वतःची कॉपी करून टाकलंय. निओ मार खातो, पडतो, पुन्हा उठतो. कशासाठी उठतोस, असं स्मिथ विचारतो, तर मी ते निवडलंय, एवढंच त्याचं उत्तर. आणि मग तो लढायचं थांबतो, स्मिथला आपल्यात शिरू देतो. तेव्हा मला ही हार वाटली होती. मधली वीस वर्षं मेंटेनन्समध्ये गेली आणि आज मला तिथे अर्थिंग दिसलं. निओचा खरा देह त्या क्षणी यंत्रांच्या नगरीत थेट मुख्य यंत्राला जोडलेला आहे. स्मिथ त्याच्यात उतरला आणि यंत्राला स्मिथपर्यंत वाट मिळाली. अर्थिंगची तार कुणाशी लढत नाही. ती नीट जोडलेली असावी लागते आणि वेळ आली की सगळा करंट आपल्यातून जाऊ द्यावा लागतो.

पण झोप उडवली ती सतीने.

सुरुवातीला निओ एका रिकाम्या स्टेशनवर अडकतो, तिथे रामा कांद्रा, कमला आणि त्यांची छोटी सती भेटतात. तिघेही प्रोग्रॅमच. बाप वीजकेंद्रात काम बघतो. मुलीला मात्र काही कामच नेमून दिलेलं नाही, आणि बिनकामाचा प्रोग्रॅम पुसून टाकतात. म्हणून तो सौदा करून तिला मॅट्रिक्समध्ये लपवायला निघालाय. स्वतः परत कामावर जाणार आहे. प्रोग्रॅमच्या तोंडी प्रेम ऐकून निओ चकित होतो, तर हा म्हणतो, तो नुसता शब्द आहे, महत्त्वाचं आहे ते शब्दामागचं नातं. कर्म हाही त्याच्यासाठी तसाच शब्द: मी इथे जे करायला आलोय ते.

पीएलसीच्या, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, प्रोग्रॅममध्ये कुठेच न वापरलेली ओळ सापडली की मी काढून टाकतो. कामाचं तेवढं ठेवायचं, ही सवय हाडात मुरली आहे. गेल्या जूनमध्ये बारावी सायन्स झालेली लेक चित्रकलेला जाते म्हणाली, तेव्हाही मी हेच विचारलं: त्याचा उपयोग काय? एकदा नव्हे, चार-पाच वेळा. आज स्टेशनचा प्रसंग संपल्यावर तिने पॉज केलं. "बाबा, हिला लक्षात ठेव. शेवटी लागेल."

शेवटी आभाळभर रंग उगवतात. हे तू केलंस का, असं ओरॅकल, मॅट्रिक्समधली भविष्य सांगणारी बाई, सतीला विचारते. सती सांगते, निओसाठी केलं. खऱ्या जगातलं आभाळ अजून काळंच आहे. यंत्रांचं ऊन तोडायला माणसांनीच ते झाकलं होतं. निओच्या प्रेयसीला, ट्रिनिटीला, ढगांच्या वर क्षणभर सूर्य दिसतो, आणि थोड्याच वेळात ती जाते. म्हणजे ही सकाळ मॅट्रिक्समधलीच, पहिल्या भागाच्या हिशेबाने खोटी, आणि जिचा काही उपयोग नाही असं ठरलं होतं तिने केलेली. लगेच श्रेयनामावलीवर कोरस सुरू होतो, 'असतो मा सद्गमय', बृहदारण्यक उपनिषदातला. सत् म्हणजे पडद्यामागचं जग, बाहेरचं, असं मी आजवर धरून चाललो होतो. पण सती हे नावही त्या सत् मधूनच आलंय. कुणाची तरी आठवण ठेवून रंगवलेलं ते आभाळ मला आज खोटं म्हणवेना.

रविवार, सकाळी साडेदहा

गंगेवर जाऊन आलो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलंय. होळकर पुलावर गर्दी, सगळे मोबाइल वर धरून. लेकीने कठड्याला टेकून पॅड उघडलं, ओल्या कागदावर गढूळ पाण्याचा तपकिरी पसरवला, देवळांचे कळस नुसते पुसट ठेवले. मग ब्रशच्या टोकाने वरच्या कोपऱ्यात पिवळा सोडला. आभाळात तेव्हा पिवळा कुठेच नव्हता. मी काही विचारलं नाही. कागदावर थेंब पडू नयेत म्हणून छत्री थोडी पुढे धरली, आणि माझी पाठ भिजत राहिली.