दोन नवे टायर आणि अडून बसणारी गाडी

गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल असं एका वर्कशॉपने सांगितलं आणि काका गाडी घेऊन माझ्याकडे आले. जुनी सुबारू स्टेशन वॅगन, ऑटोमॅटिक, वीस वर्षांच्या पुढची, पण इतकी निगुतीने ठेवलेली की बोनेट उघडून नुसतं बघत राहावं. सोबत पुतण्या आणि गाडी घेतल्यापासूनच्या सगळ्या बिलांची जाडजूड फाइल. अशा जुन्या ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर जाणाऱ्या, गाड्यांची कामं मी घरच्याच शेडमध्ये करतो, लिफ्ट वगैरे काही नाही, जॅक आणि स्टँडवरच सगळं चालतं, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवणे हा शब्द ऐकला की माझी पाठ आधीच दुखायला लागते.

तक्रार काय तर सरळ रस्त्यावर गाडी मस्त, पण पार्किंगमध्ये स्टिअरिंग फुल लॉक करून हळू वळवली की कोणीतरी हँडब्रेक ओढल्यासारखी अडते, गचके देते, टायर जमिनीवर चर्र करत घासतात. मी स्वतः चालवून बघितली. थंड असताना थोडं कमी होतं, अर्धा तास फिरवून गरम झाली की चांगलंच वाढलं.

काकांना वाटत होतं की मागच्या डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) तेल बदललं की होईल, कारण त्यांच्या ओळखीच्या एकाच्या जुन्या होंडा सीआर-व्हीला असाच त्रास होता आणि तेलाने गेला. पण ते प्रकरणच वेगळं. त्या सीआर-व्हीत मागे दोन पंप असतात, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या स्पीडने फिरायला लागली की त्या पंपांच्या प्रेशरने मागच्या चाकांना जोर देणारा क्लच दाबला जातो, आणि ते खास तेल जुनं झालं की वळताना मागून घुर्र आवाज येतो. या वॅगनमध्ये तो क्लच मागे नाहीच, गिअरबॉक्सच्या शेपटाला आहे. प्लेटांचा गठ्ठा, त्यावर ऑइलचं प्रेशर, आणि प्रेशर किती द्यायचं हे कॉम्प्युटर एका सोलेनॉइडमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हमधून, ठरवतो. गंमत अशी की सोलेनॉइडला करंट मिळाला की क्लच सुटतो आणि करंट गेला की घट्ट धरतो, म्हणजे वायर तुटली तरी मागचा ड्राइव्ह जात नाही, उलट कायमचा चिकटतो. त्यामुळे वर्कशॉपचा संशय अगदीच हवेतला नव्हता, हे कबूल करायला पाहिजे.

पण या जुन्या ऑटोमॅटिक सुबारूत बोनेटखाली एक रिकामी फ्यूजची जागा असते, झाकणावर एफडब्ल्यूडी (फ्रंट व्हील ड्राइव्ह) लिहिलेलं. तिथे साधा फ्यूज खोचला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, सोलेनॉइडला पूर्ण करंट जातो आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर चालते. पाना हातात घ्यायच्या आधी ही टेस्ट. फ्यूज खोचला, दिवा लागला, फुल लॉक मारून गोल फिरवली, एकही गचका नाही! पुतण्या म्हणाला "झालं की मग, असंच ठेवू", त्याला म्हटलं अरे थांब, आत्ता कुठे सुरुवात आहे. यातून एवढंच कळलं की सोलेनॉइड जिवंत आहे आणि सांगितलं की प्लेटा सुटतात. प्लेटा ज्यात बसतात त्या ड्रमला खाचा पडून त्या अडकल्या असत्या तर फ्यूज लावूनही गाडी अडलीच असती आणि मग मात्र गिअरबॉक्सच्या मागचा भाग उघडण्यावाचून पर्याय नव्हता.

मग क्लच धरून का बसतोय? आता मी चाकांपाशी उकिडवा बसलो. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच साइजचे, वरवर बघून कोणाला शंका येणार नाही. गेज लावलं तर मागच्या दोन्हींची नक्षी साडेसात मिलिमीटर आणि पुढच्यांची साडेतीन. काकांना विचारलं टायर कधी बदलले, काकांनी फाइल उघडली, आणि बिलावरची तारीख आणि गचके सुरू झाले तो काळ जवळपास एकच निघाला. दोन टायर गोटा झाले म्हणून दोनच बदलले आणि नवे मागे लावले. दोनच टायर बदलायचे तर नवे मागे, हा नियम बरोबरच आहे, ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरू नये म्हणून. टायरवाल्याने साध्या गाडीचा नियम लावला, एवढंच.

आता नीट मोजायचं तर चाकं काढायला हवीत, म्हणून पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर घेतली आणि मागे जॅक लावायला वळलो तेवढ्यात पुतण्या आत बसून इंजिन सुरू करतोय! "चाकं फिरतात का बघू की डी मध्ये टाकून." असा ओरडलो ना की काकाच दचकले. फ्यूज मी तोपर्यंत काढून ठेवला होता, म्हणजे मागची चाकं जमिनीवर आणि ड्राइव्ह चालू, डी मध्ये टाकलं असतं तर गाडी स्टँडवरून उडी मारून सरळ माझ्या अंगावर. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत दोन चाकं वर घेऊन कधीही गिअर टाकायचा नाही, फ्यूज असला तरी नाही, माझा त्या फ्यूजवर एवढा जीव नाही. टोइंगचंही तेच, पुढची चाकं उचलून मागची फरफटत नेली की क्लच भाजून निघतो, चारही चाकं ट्रकवर चढवूनच न्यायची. पुतण्याला बाहेर काढलं, चावी खिशात टाकली आणि मग पुढचं काम.

चारही चाकं काढून टायरला मधोमध टेप गुंडाळून परीघ मोजला. मागचे १,९३० मिलिमीटर, पुढचे १,९०६. फरक २४ मिलिमीटर, आणि सुबारूची मर्यादा आहे पाव इंच, म्हणजे ६.४ मिलिमीटर. काका म्हणाले अरे दोन मीटरमागे दोन बोटं, त्याने काय होतंय. होतं ना! परीघावरून हिशोब धरला तर एका किलोमीटरला पुढचं चाक मागच्यापेक्षा साडेसहा फेऱ्या जास्त मारतंय. ताशी ८० ने तासभर गेलात की पाचशेच्या वर फेऱ्या, त्याही सरळ रस्त्यावर, जिथे हा फरक शून्याच्या जवळ असायला पाहिजे. हा सगळा फरक त्या बिचाऱ्या प्लेटांनी घासून घासून भरून काढायचा. वरून कॉम्प्युटरला दिसतंय की पुढची चाकं जास्त फिरतायत, म्हणजे त्याच्या लेखी पुढची चाकं घसरतायत, मग तो क्लच अजून दाबणार.

वळणावर तर पुढची चाकं तशीही मोठा गोल मारतात, मागची आतून जातात. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) २.६ मीटर आणि मागच्या एक्सलचं वळण ४.५ मीटर त्रिज्येचं धरलं तर पुढच्याचं ५.२ येतं, १५ टक्के जास्त. हे १५ टक्के गिळायची सोय गाडीत मुळात आहेच, पण प्लेटा गार असतील आणि ऑइल चांगलं असेल तर. इथे दोन्हीची वाट लागलेली. गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली तर ऑइल लालऐवजी चहाच्या रंगाचं आणि करपलेला वास. (या गाड्यांत पुढच्या डिफरन्शियलची डिपस्टिक वेगळी असते आणि त्याचं तेलही वेगळं, घरी काम करणारे लोक हटकून इथे फसतात, एकाचं काढतात आणि दुसऱ्यात भरतात, तेव्हा दोन्ही आधी तपासायच्या.)

खात्री करायची म्हणून आणखी एक प्रयोग केला, घासलेले टायर मागे आणि नवे पुढे. गाडी खाली घेतली, फ्यूज नाही, फिरवून गरम केली आणि फुल लॉक. गचके होते, पण निम्म्यावर आलेले, पुतण्यालाही स्टिअरिंगवर जाणवलं. गिअरबॉक्सला हात न लावता नुसती चाकं इकडची तिकडे करून हा फरक पडला म्हटल्यावर काकांचा चेहरा खुलला. पुढे नवे टायर ठेवून चालवा असं मात्र मी कोणाला सांगणार नाही, ती फक्त टेस्ट होती.

काकांनी घासलेल्यांच्या जागी त्याच मॉडेलचे आणखी दोन टायर घेतले. आधीचे नवे फारसे झिजलेले नव्हते म्हणून चाललं, नक्षी अर्धी गेली असती तर चारही घ्यावे लागले असते किंवा नवे टायर तासून मापाला आणणारा माणूस शोधावा लागला असता. चौघांचा परीघ परत मोजला, फरक ४ मिलिमीटर. ऑइल एका दमात बदलून भागत नाही, ड्रेन बोल्ट उघडला की निम्म्याच्या आसपास निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा ऑइलने भरलेला डबा) वगैरेमध्येच राहतं, म्हणून काढायचं, भरायचं, थोडे दिवस चालवायचं, परत काढायचं, असं रंग लाल येईपर्यंत केलं. दर वेळी ऑइल भरून झाल्यावर मोकळ्या जागेत फुल लॉक मारून इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवायची, त्याने नवीन ऑइल प्लेटांमध्ये शिरतं. पहिल्या फेरीनंतर बारीकसा हिसका राहिला होता, शेवटी तोही गेला.

डिकीतला स्पेअर बघितला तर छोट्या साइजचा, तात्पुरता निघाला. तो लावायची वेळ आली तर आधी बोनेटखाली फ्यूज खोचायचा, कंपनीने ती रिकामी जागा त्यासाठीच दिली आहे. एक जादा फ्यूज त्या झाकणाच्या आतल्या बाजूला टेपने चिकटवून दिला आणि पुतण्याकडून दोनदा खोचून-काढून घेतला.